सकाळी उठल्यावर मागची दाढ आणि जबडा दुखतो, एक्स-रेत कीड दिसत नाही. दाढ काढून टाकावी का?

काढू नका. तुम्ही झोपेत दात खाता का, हे घरात कुणाला तरी विचारल्याशिवाय तर अजिबात नको.

आमच्या ह्यांची धडधाकट दाढ अशीच गेली, म्हणून लिहायला बसले. आमचं कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. हंगामात रस आटवायच्या काहिलीपाशी जागरण, वर गुळाच्या सौद्यात दर काय निघतोय याचा घोर. सकाळी उठलं की उजव्या कानाखाली ठणका, चूळ भरायला तोंड उघडायचं नाही. दुपारपर्यंत जरा उतरायचं. थोरल्या भावजींनी निकाल देऊन टाकला, सारखा गूळ चाखतोय, दाढ किडली. मी दोन वर्षं सांगत होते की रात्री जात्यावर भरडल्यासारखा आवाज येतो, मला जाग येते. सासूबाई म्हणाल्या, पोटात जंत झालेत. जंताचं औषध दोनदा झालं. शेवटी भावजी ह्यांना ओळखीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले आणि दाढ काढूनच परत आणलं. जखम भरली, ठणका होता तिथंच.

मग मी स्वतः ह्यांना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी मला विचारलं, "हे रात्री दात खातात का?" दोन वर्षांत हे मला कुणी पहिल्यांदा विचारलं. गालावरचा चावायचा स्नायू दाबला तर हे कळवळले. कानापुढं बोटं ठेवून तोंड उघडायला लावलं, तर सांधा कटकन वाजला. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. दातांचं माप घेऊन रात्री दातांवर घालायची पट्टी करून दिली, गरम शेक सांगितला, ऊस सोलून खायचा बंद. पट्टीनं सवय मोडतेच असं नाही, पण दात झिजायचे वाचतात, हेही त्यांनी आधीच सांगितलं. तीन आठवड्यांत ठणका उतरला. मोठ्या माणसाच्या दात खाण्यामागं बऱ्याचदा ताण आणि बिघडलेली झोप असते, दारू-तंबाखूनं ते वाढतं. जंतांचं खूळ डोक्यातून काढा.

तुमचंही हेच असेल असं मात्र नाही. 17 ते 25 वय असेल तर अक्कलदाढ बघून घ्या, तिच्यावरची हिरडी सुजली की जबडा उघडत नाही. सर्दीत वरच्या दाढा सगळ्या मिळून दुखत असतील, वाकल्यावर जास्त, तर ते सायनस. घास चावून दाब सोडताना कळ येत असेल तर दाढेला तडा असू शकतो, आणि तो एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो, घाम फुटतो, असं असेल तर दातांच्या डॉक्टरकडं वेळ घालवू नका, तडक मोठ्या दवाखान्यात हृदय तपासून घ्या.

दाढ काढाच म्हणून कुणी सांगितलं, तर कशासाठी ते एक्स-रेवर नाहीतर दाढेवर बोट ठेवून दाखवा म्हणा. ह्यांची दाढ मी कागदात बांधून ठेवली होती. यंदा बेंदराच्या सणाला सगळे जमले तेव्हा भावजींपुढं ठेवली आणि म्हटलं, कीड दाखवा. त्यांनी खिडकीशी जाऊन उलटीसुलटी करून बघितली आणि परत माझ्या हातात दिली.