‘पाळी तर अजून वेळेवर येते, ताई’

चोपड्याकडच्या एका केळीबागायतदाराची बायको. वय ४३, लग्नाला १९ वर्षं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) पिशवीतून रिपोर्टांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “पाळी तर अजून वेळेवर येते, ताई. मग डॉक्टर मूल होण्यासाठी दुसरीचं स्त्रीबीज घ्या का म्हणतात?”

हे मला वारंवार विचारतात. पाळी वेळेवर येणं वेगळं, बीज चांगलं असणं वेगळं. मुलगी जन्मतानाच आयुष्यभराची बीजं घेऊन येते, नवी तयार होत नाहीत. म्हणजे हिची बीजंही ४३ वर्षांची. पस्तिशीनंतर ती झपाट्याने घटतात, गुणसूत्रांतल्या चुका वाढतात, गर्भपातही. हिचे दोन गर्भपात झाले होते. सासूबाईंच्या मते कारण एकच: कानबाईच्या रोटांना (खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) सून घरी नव्हती!

नवऱ्याने तोडगा काढलाच होता. “हिची भाची देईल की.” भाची २२ची. कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे बीज देणारी २३ ते ३५ वयाची लागते, आयुष्यात एकदाच देऊ शकते, बीज नोंदणीकृत बँकेतून येतं आणि तिची ओळख गुप्त राहते. हे ऐकताना बाईंचे खांदे खाली आले. सणावाराला भाची घरी येणार, तिच्यासमोर मूल खेळणार, हे त्यांना नकोच होतं. नवऱ्यापुढे बोलवत नव्हतं इतकंच.

“टिश्यू कल्चरचं रोप लॅबमधूनच येतं, घड आपल्याच बागेचा ना?” नवरा म्हणाला. मला ही तुलना फारशी पटली नाही, पण बाई पहिल्यांदाच हसल्या, म्हणून गप्प बसले.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगितली नाही. तरुण बाईचं बीज घेतलं की डाऊन सिंड्रोमचा (गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होणाऱ्या जन्मजात विकाराचा) धोका तिच्या वयाइतकाच उरतो. बीपी आणि साखरेचा धोका मात्र गर्भ वाढवणारीच्या वयाने वाढतो. म्हणून आधी फिजिशियन, आणि गर्भ एकच सोडायचा. “जुळी झाली तर एका खर्चात दोन” हे नवऱ्याचं गणित तिथेच खोडलं.

“जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव?”

“तुमचंच. बीज देणारीचा मुलावर कसलाच हक्क राहत नाही.”

नवऱ्याने पिशवी उचलली. “मायले मी सांगसू.”

“आते नको,” ती म्हणाली. “पहिले बीपी.”