वाचकांचे प्रश्न : मेक्सिकोच्या मैदानावरची अमेरिकन मुले

प्रश्न : अमेरिकेत स्वतःची मेजर लीग सॉकर असताना तिथली तरुण मुले मेक्सिकोच्या क्लबांत नशीब आजमावायला का जातात? त्यांना तिथे यश मिळते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, रावपुरा, वडोदरा

उत्तर : जाणाऱ्यांपैकी बहुतेक मुले मेक्सिकन वंशाची असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना या राज्यांत वाढलेल्या या मुलांच्या घरी लीगा एमएक्स या मेक्सिकोच्या अव्वल लीगचे सामने आवडीने पाहिले जातात आणि आजोबांचा संघ तोच नातवाचाही संघ असतो, त्यामुळे तिकडून आलेले बोलावणे त्यांना परक्या देशाचे वाटत नाही. दुसरे कारण पैशाचे आहे. अमेरिकेत लहान वयातला फुटबॉल बऱ्याच ठिकाणी पालकांच्या खिशातून चालतो. शुल्क, प्रवास, स्पर्धा असा सारा भार घरावर पडतो. मेक्सिकोतले मोठे क्लब मात्र निवडलेल्या मुलाचा सराव, राहणे आणि जेवण स्वतःकडे घेतात. सांगलीचे विजय हजारे बडोद्याकडून खेळले, हे ज्या शहराला ठाऊक आहे त्याला, खेळाडू कदर होईल तिकडे जातो, हे वेगळे सांगायला नको.

यश मिळते, पण ते टिकवणे फार कठीण असते. टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूचा होसे फ्रान्सिस्को तोरेस मेक्सिकोच्या पाचुका क्लबच्या युवा संघांतून वर आला आणि 2010 च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला. कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाचा जोनाथन गोन्सालेस 2017 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, मेक्सिकोच्याच मोंतेरे क्लबच्या मधल्या फळीत नियमित खेळू लागला आणि त्याच मोसमात त्याचा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. जानेवारी 2018 मध्ये त्याने अमेरिकेऐवजी मेक्सिकोचा राष्ट्रीय संघ निवडला, तेव्हा दोन्ही देशांत मोठी चर्चा झाली. त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी मात्र मेक्सिकोने त्याला घेतले नाही, मोंतेरेतली जागाही पुढे त्याच्या हातून गेली, आणि 2022 मध्ये तो अमेरिकेतल्या मिनेसोटा युनायटेडकडून खेळताना दिसला.

माझ्या मते याचे एक मूळ स्पर्धेच्या रचनेत आहे. मेक्सिकोत वर्षाला अपेर्तुरा आणि क्लाउसुरा अशा दोन स्वतंत्र स्पर्धा होतात आणि प्रत्येकीत साखळीच्या सतरा फेऱ्या असतात. चार-पाच सामने हरले की प्रशिक्षकाच्या खुर्चीला धोका निर्माण होतो, म्हणून तो अनुभवी खेळाडूवर विसंबतो आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा राखीव बाकावर बसून राहतो. क्लबने करार केल्याची बातमी म्हणूनच मी फारशी मोजत नाही. पहिल्या संघाकडून मुलाला किती मिनिटे खेळायला मिळाली, एवढेच पाहावे.

प्रश्न : ग्वादलाहाराचा चिवास क्लब फक्त मेक्सिकन खेळाडू घेतो, असे वाचले होते. मग केड काउल हा अमेरिकेचा खेळाडू तिथे कसा गेला?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण चिवास पाहतो ते मेक्सिकन नागरिकत्व, जन्म सीमेच्या कोणत्या बाजूला झाला, हे तिथे गौण ठरते. मेक्सिकोने 1998 पासून दुहेरी नागरिकत्वाची वाट मोकळी केली, त्यामुळे कॅलिफोर्नियात जन्मलेला आणि आईकडून मेक्सिकन वंशाचा काउल अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळूनही जानेवारी 2024 मध्ये चिवासमध्ये दाखल होऊ शकला. उलट उदाहरण अलेहान्द्रो सेन्देहासचे आहे. तो सिउदाद हुआरेसमध्ये जन्मला, सीमेला लागून असलेल्या एल पासोत वाढला, डॅलसहून चिवासमध्ये, तिथून नेकाक्सात आणि 2022 मध्ये ‘अमेरिका’ हेच नाव असलेल्या मेक्सिको सिटीच्या क्लबात गेला. देश म्हणून त्याने 2023 मध्ये अमेरिका निवडली.

प्रश्न : माझी बहीण सॅन डिएगोजवळ राहते. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने सीमेपलीकडच्या तिहुआना क्लबमध्ये जाण्याचा ध्यास घेतला आहे, कारण त्याच्या संघातला एक मित्र तिथे सरावाला जातो. आम्ही इकडे काळजीत आहोत. तिला काय सांगावे?
— एक मावशी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मावशी, आपली काळजी रास्त आहे, पण भाच्याचा हट्ट वेडगळ नाही. तिहुआनाचा क्लब 2007 मध्ये स्थापन झाला, 2011 मध्ये वरच्या श्रेणीत आला आणि 2012 च्या अपेर्तुरात विजेता ठरला. सॅन डिएगोच्या शेजारच्या चुला व्हिस्टाचा पॉल अरिओला 2013 मध्ये तिथेच गेला आणि तिथे खेळत असतानाच 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात आला.

फिफाचा नियम असा आहे की अठरा वर्षांखालील खेळाडूची नोंदणी सहसा दुसऱ्या देशातल्या क्लबकडे होत नाही. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक आपल्या भाच्याला लागू पडू शकतो. मुलाचे घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत असावेत, दोहोंमधले अंतर शंभर किलोमीटरपेक्षा जास्त नसावे, मुलाने स्वतःच्या घरीच राहावे आणि दोन्ही देशांच्या महासंघांनी स्पष्ट संमती द्यावी, अशा त्याच्या अटी आहेत. म्हणजे मुलगा वसतिगृहात जाणार नाही, रोज घरी परतेल, ही आपल्यासाठी दिलाशाची बाब. मात्र रोज परतणे म्हणजे सॅन इसिद्रोच्या नाक्यावरून अमेरिकेत शिरणे. तिथल्या मोटारींच्या रांगेत तास-दोन तास सहज जातात, आणि शाळा सुटल्यावर सराव करून आलेला मुलगा त्या रांगेत मागच्या आसनावर बसून गृहपाठ करील की झोपेल, याचा विचार बहिणीने आधीच करावा.

खरी अडचण पुढची आहे. मित्राचे आईवडील मेक्सिकन असतील, तर त्याला मेक्सिकन नागरिकत्व मिळते आणि तो स्थानिक म्हणून खेळू शकतो. आपला भाचा तिथे परदेशी ठरेल. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर लीगमध्ये मर्यादा आहे आणि त्या जागा क्लब बहुधा अर्जेंटिना, उरुग्वे, कोलंबियातून आणलेल्या तयार खेळाडूंना देतात. त्यामुळे युवा संघात त्याने कितीही चमक दाखवली, तरी पहिल्या संघाचे दार त्याच्यासाठी मित्रापेक्षा बरेच अरुंद राहील, हे त्याला आत्ताच, प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवे. त्याला चाचणीला जाऊ द्यावे. निवड झालीच, तर सही करण्यापूर्वी नोंदणी नेमक्या कोणत्या नियमाखाली होणार, दुखापतीचा खर्च कोण करणार आणि अमेरिकेतल्या क्लबकडे परत यायचे झाल्यास कोणती अट आड येणार, या तीन गोष्टी बहिणीने क्लबकडून लेखी घ्याव्यात. शाळा मात्र सॅन डिएगोचीच राहू द्यावी.