गोळी देण्याआधी घड्याळ बघ

प्रिय डॉक्टर,

परवा राउंड संपल्यावर तू विचारलंस, नळीने ओढून करायच्या गर्भपाताआधी गर्भपिशवीचं तोंड मऊ करायला मिसोप्रोस्टॉल चांगलं की मिफेप्रिस्टोन? मी उभ्याउभ्या काहीतरी उत्तर देऊन निघाले आणि लोकलमध्ये बसल्यावर ते डाचत राहिलं. म्हणून हे पत्र.

आधी गोळी कुणाला हवी ते बघ. दोन बाळंतपणं झालेली, सात आठवड्यांची बाई असेल तर बारीक कॅन्युला, म्हणजे ओढून घ्यायची नळी, बहुतेक वेळा सहज आत जाते. पण पहिलटकरीण, कोवळ्या वयाची मुलगी, 12 आठवड्यांच्या जवळ आलेली किंवा पिशवीच्या तोंडावर आधी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कोरड्या, घट्ट तोंडात डायलेटर, म्हणजे ते रुंद करायची सळई, रेटायचा नाही. ते फाटतं.

मिसोप्रोस्टॉल मुळात जठराच्या अल्सरसाठी आलेली गोळी. स्वस्त, फ्रीजही लागत नाही. मात्रा 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200च्या दोन. जिभेखाली दिल्यास प्रक्रियेच्या एक-दोन तास आधी, गालात किंवा योनीतून दिल्यास दोन-तीन तास आधी. जिभेखाली लवकर चढते, पण हुडहुडी आणि मळमळही जास्त. उपाशी बाईचं तोंड सुकलेलं असतं, गोळी विरघळत नाही. आधी घोटभर पाण्याने जीभ ओली करायला सांग. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेची जवळजवळ पाच हजार बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. या गोळीने पिशवीत अवशेष राहण्याचं प्रमाण कमी झालं, पण प्रक्रियेआधीची पोटदुखी आणि रक्तस्राव वाढला. हा दुसरा भाग वाचताना आपण फार घाई करतो.

मिफेप्रिस्टोन 200 मिलिग्रॅम, गिळायला, 24 ते 48 तास आधी. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम अडवते, पिशवीचं तोंड छान मऊ करते आणि त्या मानाने कळा कमी. पण कर्जतहून येणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती दुसरी खेप म्हणजे आणखी एक खाडा आणि घरी आणखी एक सबब. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारी असेल तर मिफेप्रिस्टोन देऊच नकोस.

आता माझी चूक सांगते. मी तुझ्याच वयाची होते. सकाळी आठला एका मुलीला मिसोप्रोस्टॉल दिलं, कारण ऑपरेशनच्या लिस्टवर तिचा दुसरा नंबर होता. मग एकामागून एक दोन इमर्जन्सी सिझर आल्या. ती मुलगी दुपारी एकपर्यंत कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, चादर रक्ताने भिजलेली. मी गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मॅडम, विसरलात का?" तिला वेदनाशामकही लिहून दिलं नव्हतं. आयबुप्रोफेनने मिसोप्रोस्टॉलचं काम बिघडत नाही, ते बरोबरच देत जा.

तेव्हा औषधांची तुलना करताना तासांकडेही बघ. कळा सुरू होतील तेव्हा बाई कुठे असेल? वॉर्डात, की विरार लोकलच्या गर्दीत? मिसोप्रोस्टॉल हातात देऊन "घरून घेऊन ये" असं आपल्याकडे सांगू नकोस.

आणि संमती गोळीच्या आधी. मिसोप्रोस्टॉल पोटात गेल्यावर तिने विचार बदलला, गर्भ राहिला, तर त्यात व्यंग येऊ शकतं. म्हणून पडदा ओढ, नातेवाइकांना बाहेर बसव, तिलाच विचार. सज्ञान बाईची स्वतःची सही कायद्याला पुरते, नवऱ्याची लागत नाही. हे वॉर्डातल्या लोकांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. अठराच्या आतली असेल तर मात्र पालकाची लेखी संमती हवी.

उद्याच्या लिस्टवरची तिसरी पेशंट पहिलटकरीण आहे, अकरा आठवडे. आधी ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टरना फोन कर, पहिली केस कधी टेबलवर जातेय ते विचार, मगच गोळी दे. तिच्या कॉटवर जादा ब्लँकेट ठेवून घे. मी नऊपर्यंत पोचते.

तुझी,
मॅडम