डच ईस्ट इंडीजमधला, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या डच वसाहतीतला, सनदी अधिकारी मायदेशी नेदरलँड्सला परतल्यावर एखाद्या शहराचा महापौर कसा होत असे? तो निवडणूक कशी जिंकत असे?

निवडणूक लढवावीच लागत नसे. नेदरलँड्समधला 'बुर्गेमेस्टर', म्हणजे नगरप्रमुख, लोक निवडून देत नाहीत. राजाच्या किंवा राणीच्या सहीने सहा वर्षांसाठी त्याची नेमणूक होते आणि मुदत संपली की बहुधा पुन्हा नेमणूक मिळते. तो त्याच गावचा असावा अशी अट नाही. जागा रिकामी झाली की अर्ज मागवतात. त्या काळी प्रांताचा राजप्रतिनिधी नावं सुचवायचा आणि गृहमंत्री निवड करायचा. नगरपरिषदेच्या शिफारशीला खरं वजन आलं ते पुढे, विशेषतः 2001 नंतर. म्हणजे हे पद बढती-बदलीचं, अनुभव पाहून द्यायचं होतं, आणि वसाहतीत प्रशासन चालवून आलेल्या माणसाला त्यासाठी सरळ अर्ज करता येई. आपल्याकडे कलेक्टरी करून इंग्लंडला परतलेल्या आयसीएस अधिकाऱ्यापुढे असा मार्ग नव्हता. तिथला मेयर नगरसेवकच एका वर्षासाठी निवडत आणि पद बव्हंशी मानाचं असे.

आता हा अधिकारी घडायचा कसा ते पाहू. खात्याचं नाव 'बिन्नेनलांड्स बेस्टूर', म्हणजे अंतर्गत प्रशासन. शिक्षण आधी डेल्फ्टला, नंतर मुख्यतः लायडन विद्यापीठात. 1925 पासून उट्रेख्टलाही दुसरा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याला मळेवाल्यांचा आणि तेल कंपन्यांचा पैसा होता, म्हणून विरोधक त्याला 'तेल विद्याशाखा' म्हणून हिणवत. विषय मलय, जावानीज, इस्लामी संस्था, मानववंशशास्त्र आणि 'आदत', म्हणजे रूढीचा कायदा. पायऱ्या अशा: आस्पिरंट कंट्रोलर, कंट्रोलर, असिस्टंट रेसिडेंट, रेसिडेंट आणि सर्वांत वर गव्हर्नर.

माझ्या मते या कारकिर्दीची किल्ली कंट्रोलरच्या पदात आहे. जावामध्ये दुहेरी रचना होती. एका बाजूला हे डच अधिकारी, दुसऱ्या बाजूला 'बुपाती', म्हणजे स्थानिक सरदार घराण्यातला जिल्हाप्रमुख, आणि त्याच्या हाताखाली 'वेदाना', म्हणजे उपविभागाचा स्थानिक अधिकारी, मग गावचा मुखिया. गावाला हुकूम सुटे तो या दुसऱ्या साखळीतून. कंट्रोलर नावाप्रमाणे देखरेख करणारा. तो घोड्यावरून, पुढे मोटारीने दौरे काढी, रस्ते, पाटबंधारे, उसाच्या जमिनीचे करार, सारा, तंटे पाही आणि अहवाल लिही. पण वेदानाला डावलून गावाला परस्पर आज्ञा दिली की बुपातीची मर्जी गेली, आणि मग एकही काम पुढे सरकत नसे. हातात काठी नसताना काम करून घेणं हे त्याचं खरं शिक्षण. (हे सगळं परकीय सत्तेच्या सेवेत चाले आणि साऱ्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडे, हे विसरून चालणार नाही.) जावाबाहेरच्या बेटांवर मात्र तोच कंट्रोलर बऱ्याच ठिकाणी थेट राज्य करी, निवाडेही देई.

हा फरक मायदेशी महत्त्वाचा ठरे. डच नगरप्रमुख परिषदेचा अध्यक्ष असतो, पण परिषदेत त्याला मत नसतं. अंदाजपत्रक परिषद मंजूर करते. खाती सांभाळणारे 'वेटहौडर' त्या काळी परिषद आपल्यातूनच निवडे. नगरप्रमुख आणि वेटहौडर यांच्या कार्यकारी मंडळात मात्र नगरप्रमुखाला मत आहे आणि सार्वजनिक सुव्यवस्था त्याच्या हातात आहे. बाकी सगळं पटवून. जावाच्या मुशीतून आलेल्याला हे ओळखीचं वाटावं. एकट्याने कारभार हाकायची सवय लागलेल्याला वेटहौडर पहिल्याच वर्षी अडवू शकत. शिवाय तिथे पक्षाचा आणि चर्चपंथाचा हिशेब कायम. कॅथलिक गावाला शक्यतो कॅथलिक माणूस मिळे, त्यामुळे नुसता अनुभव पुरत नसे.

ठोस उदाहरण हवं तर पी. जे. प्लाटेल घ्या. 1958 ते 1962 ते डच न्यू गिनीचे, म्हणजे न्यू गिनी बेटाच्या डचांकडे राहिलेल्या पश्चिम भागाचे, गव्हर्नर होते, आणि शेवटचेच. एप्रिल 1961 मध्ये त्यांच्या काळात न्यू गिनी परिषद सुरू झाली. 28 सदस्य, त्यांतले 16 निवडून आलेले. 15 ऑगस्ट 1962 ला नेदरलँड्स आणि इंडोनेशिया यांच्यात न्यूयॉर्क करार झाला, 1 ऑक्टोबरला कारभार संयुक्त राष्ट्रांकडे गेला आणि 1 मे 1963 ला इंडोनेशियाकडे. (शस्त्रसंधीवर नजर ठेवणाऱ्या लष्करी निरीक्षकांचे प्रमुख भारतीय सेनाधिकारी इंदरजीत रिखी होते.) सप्टेंबर 1962 अखेर प्लाटेल हॉलंडियाहून, म्हणजे आजच्या जयपुराहून, निघाले. पुढे ते हिल्व्हर्समचे नगरप्रमुख झाले. हिल्व्हर्सम हे देशाचं रेडिओ-टीव्हीचं केंद्र.

वसाहतीतच नगरप्रमुख होण्याचीही एक वाट होती. 1903 च्या विकेंद्रीकरण कायद्यानंतर 1905 ला बटाव्हिया (आजचं जकार्ता) आणि 1906 ला बांडुंग, सुराबाया, सेमारांग अशा नगरपालिका झाल्या. तिथे आधी असिस्टंट रेसिडेंटच पदसिद्ध अध्यक्ष असे. स्वतंत्र बुर्गेमेस्टर 1916 पासून नेमू लागले.

एखाद्या विशिष्ट अधिकाऱ्याचा माग काढायचा असेल तर त्या काळी दरवर्षी निघणारं सरकारी पंचांग, 'रेगेरिंग्सअल्मानाक', उघडा. त्याच्या दुसऱ्या भागात अधिकाऱ्यांची नावं आणि नेमणुका असतात. त्यानंतर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या सेवानोंदी, आणि पद सोडताना लिहिलेले कार्यभार-हस्तांतराचे अहवाल. त्यांत जिल्ह्याची बित्तंबातमी असते. शोधताना जुनी नावं आणि जुनं स्पेलिंग वापरा. बोगोर 'बाउटेनझोर्ख'खाली सापडेल, बुकिटिंगी 'फोर्ट द कॉक'खाली, आणि आजच्या 'u' या अक्षराच्या जागी तेव्हा 'oe' लिहीत. वर्षाच्या मध्यात झालेली बदली पुढच्या वर्षीच्या अंकातच दिसते. मधलं एखादं वर्ष रिकामं दिसलं तर आधी युरोपातली दीर्घ रजा तपासा. 1942 ते 1945 रिकामं असेल तर तो माणूस बहुधा जपानी नजरकैदेत होता.