मारुती आठशेचा गिअरबॉक्स घरीच उतरवताय?

उतरवा, पण अंगणात नको. आपल्या नाशिकच्या काळ्या मातीत एक सर आली की जॅक बुडतो. फरशीवर, चारही बाजूंना स्टँड लावूनच खाली शिरा. विटा रचून तर मुळीच नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गिअरबॉक्सचं ऑईल सोडा, मग ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, काढा. गिअरबॉक्स सुटला की इंजिन त्या बाजूला लोंबतं, म्हणून आधीच त्याला खालून लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या.

भंगारातून जुना गिअरबॉक्स घेताना इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचप्लेटमध्ये शिरणारा दांडा, हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर स्वस्त असला तरी सोडा. एवढं उघडलंच आहे तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑईल सील बदलूनच टाका. तीन महिन्यांनी पुन्हा कोण उतरवणार?

खरी कसोटी बसवताना. क्लचप्लेट मधोमध नसेल तर इंजिन आणि गिअरबॉक्समधलं शेवटचं बोटभर अंतर मिटतच नाही. मी तेव्हा बोल्ट आवळून ओढून घ्यायला गेलो आणि हाऊसिंगचा कान कट्कन तुटला. सातपूरला वेल्डिंगसाठी पळापळ झाली ती वेगळीच. प्लेट जुन्या इनपुट शाफ्टने मधोमध धरा, गिअरबॉक्स हलकेच डोलवा, आपोआप सरकतो. आणि ऑईल भरायला विसरू नका, हसू नका, लोक विसरतात.