बिऱ्हाड पाठीवर : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आला आहे. आठ-दहा दिवस वाटेत वस्ती नाही, सगळं सामान आपल्याच सॅकमध्ये, मग कपडे किती आणि कोणते? पहिलं पत्र अमेरिकेतून आलं आहे आणि ते शिकारीच्या फेरीबद्दल आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा विषय मिटलेला आहे. तिथे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार होते. कपड्यांच्या बाबतीत ही फेरी ट्रेकपेक्षा कडक परीक्षा घेते, म्हणून त्या पत्राला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : ऑक्टोबरअखेर कोलोरॅडोत ऑफिसमधल्या तिघांबरोबर एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातोय. रायफलचा हंगाम, फ्लॅट टॉप्सचा भाग, नऊ दिवस, तंबू पाठीवर. सह्याद्री भरपूर झालाय, हिमालयातले दोन ट्रेकही केलेत. बरोबरचे म्हणतात, तुझी ट्रेकची यादी इथे उपयोगाची नाही. असं का? आणि शिकाऱ्यांनी भडक ऑरेंज घालायचा नियम नेमका काय आहे? — एक वाचक, डेन्व्हर

ते बरोबर सांगताहेत. ट्रेकमध्ये माणूस दिवसभर चालतो आणि चालणारं शरीर स्वतःच शेगडी असतं. शिकारीत पहाटे काळोखात तासभर छातीवरचा चढ, आणि मग उजाडल्यापासून तीन-चार तास दुर्बीण डोळ्याला लावून एका जागी बसणं. आधी घामाघूम, मग निश्चल. तीन हजार मीटरच्या वर, ऑक्टोबर संपताना, पहाटे पारा शून्याच्या बराच खाली असतो. चढावर गंजी भिजली आणि वर बसल्यावर वारा लागला की अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. म्हणून कपडे दिवसांच्या हिशेबाने मोजू नका, कामाच्या हिशेबाने मोजा : चालायचे, बसायचे, झोपायचे आणि या सगळ्यांवरून घ्यायचे.

चालायचे कपडे अंगावरच राहतात. मेरिनो लोकरीचा १५० जीएसएमचा (चौरस मीटरला १५० ग्रॅम, म्हणजे पातळ) पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, एक पातळ पण दणकट पँट, पातळ हातमोजे. तंबूतून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे, तो तिथेच काढा. दहा मिनिटं चालून झाल्यावर सॅक उतरवून काढू, असं म्हणणारा सहसा काढत नाही आणि वर ओला पोचतो. बसायची जागा दहा मिनिटांवर आली की चाल मुद्दाम मंद करा, गळ्याची चेन उघडा, टोपी काढा. अंगातली वाफ तिथेच जाऊ दे. बसल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, सगळे थर चढवा. एकदा कुडकुडायला लागल्यावर जॅकेट घातलं तर ते तुम्हाला गरम करत नाही, जॅकेट फक्त असलेली ऊब धरून ठेवतं.

बसायचे कपडे हा ट्रेकच्या यादीत नसलेला भाग. हुड असलेलं जाड जॅकेट तुमच्याकडे असेल, पण मांड्या आणि गुडघे गारठतात हे हिमालयात फारसं कळत नाही, कारण तिथे तंबूत पोचलं की माणूस स्लीपिंग बॅगमध्ये शिरतो. इथे त्याच जाडीची पँटही हवी. ती घेताना एकच गोष्ट बघा : दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत चेन आहे का. नसेल तर प्रत्येक वेळी बर्फात उभं राहून बूट काढावे लागतील, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ती पँट सॅकमधून बाहेरच काढणार नाही. हातांना बोटांचे मोजे पुरत नाहीत. चारही बोटं एकत्र राहतील असे जाड हातमोजे घ्या, आत पातळ हातमोजा तसाच ठेवा, म्हणजे दुर्बिणीचं भिंग फिरवताना किंवा रायफलला हात घालताना कातडी उघडी पडत नाही. बुडाखाली फोमच्या चटईचा चौकोनी तुकडा घ्या. वजन नगण्य, पण तो नसेल तर वरचे सगळे थर फुकट, कारण जमीन ऊब ओढून घेते.

आता सॅकमध्ये जे जाईल त्याचं वजन, अंदाजे ग्रॅममध्ये : फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या सिंथेटिक कापडाचं जॅकेट) ३००, हुडचं जाड जॅकेट ५००, जाड पँट ४००, रेन जॅकेट ४००, रेन पँट ३००, झोपायचा थर्मल जोड ४००, जादा टी-शर्ट १७०, मोज्यांचे दोन जोड १८०, अंडरवेअर दोन १४०, जाड हातमोजे १५०, कानटोपी आणि तोंड झाकणारी माकडटोपी मिळून १२०, गेटर (बुटावरून नडगी झाकणारे) २५०. बेरीज ३.३ किलोच्या आसपास. चार किलोच्या वर गेलात तर काहीतरी दोनदा घेतलंय. बहुतेक वेळा ती दुसरी पँट असते किंवा तिसरा टी-शर्ट.

कापडाचा आवाज हा शिकारीतला वेगळा मुद्दा. रेन जॅकेटचं कापड झुडपाला घासलं की करकरतं आणि एल्कचे कान तिखट असतात. म्हणून पाऊस-बर्फ नसेल तर वरचा थर फ्लीसचा किंवा लोकरीचा. वासासाठी मेरिनो बरी, कारण नऊ दिवस घातली तरी पॉलिएस्टरइतकी कुबट होत नाही. पण वास मारण्याचे फवारे घेण्यापेक्षा वारा तोंडावर येतोय ना ते बघा. तो पाठीमागून असेल तर कुठलाही टी-शर्ट तुम्हाला लपवणार नाही.

ऑरेंजचा नियम : कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक फ्लुरोसंट ऑरेंज किंवा फ्लुरोसंट गुलाबी रंग अंगावर हवा. ५०० चौरस इंच म्हणजे साधारण ५७ सेंटिमीटर बाजूचा चौरस. रंग सलग हवा, पानाफांद्यांची नक्षी छापलेला ऑरेंज मोजत नाहीत. शिवाय त्याच रंगाची टोपी, चारही बाजूंनी दिसणारी. चुका दोन ठिकाणी होतात. ऑरेंजचं बनियनसारखं जाकीट मापाचं घेतलं की ते जाड जॅकेटवरून चढत नाही, म्हणून सगळ्यात जाड थर अंगात घालूनच माप बघा. दुसरं, बर्फ पडायला लागला की माणूस रेन जॅकेटचा हुड ओढतो आणि टोपी आत झाकली जाते. ऑरेंज कानटोपी सैल घ्या आणि हुडच्या वरून घाला. पाठीवर सॅक चढली की जाकिटाची मागची बाजूही लपते, तेव्हा सॅकवरसुद्धा ऑरेंज कव्हर असू द्या. एल्क बुजेल ही भीती नको. हरणांच्या कुळात लाल रंग वेगळा ओळखणाऱ्या पेशी डोळ्यांत नसतात, त्यामुळे हा रंग त्यांना आपल्यासारखा भडक दिसत नाही.

आणखी एक. शिकार साधली तर मांस खाली आणायला तीन-चार फेऱ्या होतात, पाठीवर ओझं आणि पुन्हा घाम. रक्ताने माखायचे ते चालायचेच कपडे. झोपायचा जोड त्या दिवशीही कोरडाच राहिला पाहिजे, आणि तो सॅकमध्ये मांसापासून वेगळा, बंद ड्राय बॅगमध्ये.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये हिमाचलमधल्या पिन-पार्वती खिंडीचा ट्रेक करतोय. एजन्सीच्या यादीत सहा टी-शर्ट, तीन पँट, सहा जोड मोजे, दोन स्वेटर आहेत. सॅक आत्ताच १७ किलो झालीय. काय काढू? — एक वाचक, नाशिक

टी-शर्टपासून सुरू करा : सहाचे दोन. पँट तीनची एक, दुसरी म्हणजे झोपायची थर्मल. मोजे सहाचे तीन जोड, दोन चालायला आणि एक फक्त झोपायला. स्वेटर दोन्ही घरी, त्याऐवजी एक फ्लीस आणि एक डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट.

या वाटेची गंमत अशी की ती दोन हवामानांतून जाते. बर्शेणीहून खीरगंगा, ठाकुर कुआं, मानतलाई अशी पार्वती खोऱ्यातली बाजू सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातही पावसाची असू शकते. खिंड ५३१९ मीटरवर. ती ओलांडून मुधकडे उतरलं की स्पितीची पर्जन्यछाया : कोरडं, उन्हाचं, वाऱ्याचं. म्हणजे पहिल्या टप्प्यात शत्रू पाणी, दुसऱ्यात वारा. रेन जॅकेट दोन्हीकडे चालतं, पाँचो (डोक्यावरून घ्यायचा सैल रेनकोट) फक्त अलीकडे. खिंडीच्या पट्ट्यातल्या वाऱ्यात पाँचो पतंगासारखा उडतो आणि पायाखालचं दिसत नाही. वजन वाचवायला पाँचोच घ्यायचा असेल तर बरोबर पातळ विंडचीटर हवाच.

थंडीचा अंदाज करायला दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरा. बर्शेणी सुमारे २२०० मीटरवर आहे, म्हणजे खिंडीत त्याच वेळी तिथल्यापेक्षा वीसेक अंश कमी, वारा वेगळा. नाशकातल्या दुकानात आरशापुढे उभं राहून जॅकेट कितपत गरम आहे ते कळत नाही. कळतं ते एवढंच की ते फ्लीसवरून चढतं की नाही. आत दोन थर घालून, हात वर करून बघा. कंबर उघडी पडली तर एक माप मोठं घ्या.

मोजे रोज धुवून वाळवण्याचा बेत कागदावर चांगला दिसतो. पार्वतीच्या बाजूला पाऊस असेल तर ते दोन दिवस वाळणार नाहीत. दुपारी मुक्कामाला पोचल्याबरोबर पिळून सॅकच्या पट्ट्यांना पिना लावून टांगा. दमट राहिले तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी. पाणी गळत असलेले मात्र आत घेऊ नका, ती ओल बॅगेतल्या पिसांत जाते. झोपायचा जोड पाऊस असो, ओढा असो, दिवसा पायात जायचा नाही. ओला जोड सकाळी घालणं नकोसं वाटतं, पण पाच मिनिटांत तो पायाच्या उबेने गरम होतो. कोरडा जोड घालायचा मोह टाळलात तर रात्र सुखाची.

प्रश्न : जाड जॅकेट डाऊनचं घेऊ की सिंथेटिक? मला पावसाळ्यात सह्याद्रीतही वापरायचं आहे. — एक वाचक, पुणे

पावसाळी सह्याद्रीत दोन्ही नको. तिथे एक फ्लीस पुरे, त्यातलं पाणी पिळून काढता येतं. हिमालयासाठी डाऊन : तेवढ्याच उबेला सिंथेटिकपेक्षा हलकं, आणि दाबलं की डबाभर जागेत बसतं. पण पिसं भिजून एकमेकांना चिकटली की त्यांच्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊब. डाऊन घालून चढायचं नाही आणि पावसात ते उघडं ठेवायचं नाही, एवढं पाळणाऱ्यानेच घ्यावं. घरी आल्यावर पिशवीतून काढून हँगरला लावा. वर्षभर दाबून ठेवलेलं जॅकेट पुन्हा पूर्वीसारखं फुगत नाही. शेकोटीपासूनही जपा : एक ठिणगी पातळ नायलॉनला भोक पाडते आणि पिसं वाटभर उडत राहतात. तात्पुरता उपाय म्हणजे कापडी चिकटपट्टी.

प्रश्न : महागाचं रेन जॅकेट दोन वर्षांत आतून ओलं व्हायला लागलं. फसलो का? — एक वाचक, ठाणे

बाहेरून पाणी येतंय की आतला घाम साचतोय, ते आधी ठरवा. बाहेरच्या कापडावर पाण्याचे चार थेंब टाका. मण्यांसारखे घरंगळले तर कापड ठीक आहे आणि ओल घामाची आहे. काखेतल्या चेन उघडा, आतला थर कमी करा. थेंब पसरून कापड गडद झालं तर वरचा पाणी झटकणारा लेप झिजलाय किंवा मळलाय. अशा वेळी आतलं पटल पाणी अडवत असतं, पण वरचं कापड ओलं झाल्यामुळे वाफ बाहेर पडत नाही आणि जॅकेट गळतंय असं वाटतं. सगळ्या चेन लावून, सौम्य द्रव साबणाने, भरपूर पाण्यात दोनदा खळबळून धुवा. कपडे मऊ करणारं कंडिशनर कदापि नको. वाळल्यावर लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. उबेने लेप पुन्हा जागा होतो. तरी थेंब पसरले तर लेपाचा फवारा बाजारात मिळतो.

आतून पांढरे पापुद्रे निघत असतील किंवा शिवणीवरची पट्टी सुटत असेल तर मात्र अस्तराचा लेपच कुजलाय, त्यावर इलाज नाही. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत, जॅकेट ओलसर घडी घालून माळ्यावर टाकलं की हे हमखास होतं.

प्रश्न : थर्मल दिवसभर घालून चाललं तर? — एक वाचक, कोल्हापूर

घामाने भिजेल आणि रात्री घालायला कोरडं काही उरणार नाही. दिवसा नको.

प्रश्न : दहा दिवसांच्या ट्रेकला स्पोर्ट्स ब्रा आणि अंडरवेअर किती घ्यावेत? — एक वाचक, सातारा

ब्रा दोन, अंडरवेअर तीन. सॅकमधली सगळ्यात उशिरा वाळणारी वस्तू म्हणजे ब्राचं जाड इलॅस्टिक आणि आतले पॅड, म्हणून पॅड काढता येतील अशी, पाठीला चेन किंवा हुक नसलेली घ्या. सॅकचा पट्टा नेमका हुकवर येतो आणि तिसऱ्या दिवशी तिथे कातडी सोलवटते. अंडरवेअर सुती नको. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर एक गडद रंगाची जादा अंडरवेअर आणि वापरलेलं परत आणायला चेनची दुहेरी प्लास्टिक पिशवी ठेवा. पिशवीत चमचाभर चहाची कोरडी पत्ती टाकली की वास दबतो.