वाचकांचे प्रश्न : पॅरिसच्या मिशेलिन रेस्टॉरंटात जेवायला जाताना

उन्हाळी सहलींचे बेत सुरू झाले की युरोपातल्या महागड्या जेवणाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेक प्रश्न पॅरिसचे होते, म्हणून उत्तरंही तिथलीच. (मिशेलिन ही रेस्टॉरंटांची फ्रेंच मार्गदर्शिका; उत्तम स्वयंपाकाला ती एक ते तीन स्टार देते.)

प्रश्न : लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं पॅरिसमध्ये असू. मुलीने एका मिशेलिन स्टारच्या रेस्टॉरंटात जेवण ठरवलंय. आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर चालेल ना? (पुणे)

नाही, तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा किचनमध्ये सॉसचा पाया म्हणजे स्टॉक, आणि तो हाडं तासन्‌तास उकळून आधीच करून ठेवलेला असतो. त्यामुळे मेन्यूवर नुसती गाजराची किंवा मशरूमची डिश दिसली, तरी तिच्या तळाशी चिकनचा किंवा वासराचा स्टॉक असू शकतो. आयत्या वेळी शेफ फार तर मांसाचा तुकडा काढून भाज्या वाढवून देईल. पैसे पूर्ण आणि जेवण अर्धवट, असा तो सौदा होतो.

मुलीला बुकिंग करतानाच शेऱ्याच्या चौकटीत लिहायला सांगा आणि जेवणाच्या तीन-चार दिवस आधी ईमेलने पुन्हा कळवा. या दर्जाच्या जागी इंग्रजी चालतं. मात्र नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. मासे चालतील असं समजणारे लोक अजूनही भेटतात. यादीच द्या : मांस, चिकन, मासे, कोळंबी-शिंपले, अंडी, हाडांचा किंवा माशांचा स्टॉक आणि जिलेटिन चालत नाही; दूध, लोणी, साय, चीज चालतं. दुसरा भाग विसरू नका. तो नसला तर सावधगिरी म्हणून किचन तुम्हाला थेट व्हीगन ठरवतं आणि फ्रान्सच्या उत्तम लोण्याला तुम्ही मुकता.

अंडं सगळ्यात जास्त लपतं ते शेवटच्या कोर्समध्ये. टार्टचं कवच, ब्रियोश, क्रेम ब्रुले, मूस, मेरँग यांत ते असतं आणि फ्रेंच पद्धतीच्या आइस्क्रीममध्येही पिवळा बलक असतो. सॉर्बे, म्हणजे फळांच्या रसाचं बिनदुधी आइस्क्रीम, बहुधा चालतं. तरी काही जण त्यात पांढरा बलक घालतात, तेव्हा विचारून घ्या. चीजबाबत कटाक्ष असेल तर आणखी एक गोष्ट : कोंते, पार्मेझान यांसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातला रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा रस, वापरून करतात. चीजची गाडी टेबलाशी आली की वनस्पतिजन्य रेनेटचं कोणतं आहे ते विचारा. वाढणाऱ्याला ते माहीत असतं.

जैन वाचकांसाठी : कांदा-लसूण चालत नाही हे वेगळं कळवा आणि होकार लेखी मिळाल्याशिवाय जाऊ नका. फ्रेंच स्वयंपाकात कांदा, गाजर आणि सेलरीची बारीक चिर ही जवळजवळ प्रत्येक पदार्थाची सुरुवात असते.

खिशाची फार चिंता नसेल तर ‘आर्पेज’चा विचार करावा. तीन स्टार असलेल्या या रेस्टॉरंटचे शेफ अलाँ पासार यांनी २००१ मध्ये लाल मांस मेन्यूवरून काढलं आणि २०२५ मध्ये मधाचा अपवाद सोडून सगळाच मेन्यू वनस्पतिजन्य केला. म्हणजे लोणी-चीजही नाही. दर माणशी शेकडो युरोंमध्ये आहेत.

प्रश्न : बुकिंग करताना क्रेडिट कार्डाचे तपशील मागितले आणि माणशी रक्कमही दाखवली. जेवणाआधीच पैसे कापतात का? (ठाणे)

बहुतेक ठिकाणी नाही. ती फक्त हमी असते. न कळवता गैरहजर राहिलात किंवा ठरलेल्या मुदतीनंतर रद्द केलंत तरच ती रक्कम वसूल होते. मुदत बहुधा २४ किंवा ४८ तासांची असते. काही जागी मात्र पूर्ण मेन्यूचे पैसे आगाऊ घेतात, म्हणून बटण दाबण्याआधी अटी वाचा. चारांचं बुकिंग करून तिघंच गेलात, तरी चौथ्याची रक्कम लागू शकते.

अडचण येते ती आपल्या कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार हे दोन्ही पर्याय बँकेच्या ॲपमध्ये वेगवेगळे चालू करावे लागतात. ओटीपी भारतीय नंबरवर येतो. तिथे गेल्यावर बुकिंग करणार असाल तर त्या सिमचं रोमिंग चालू हवं. हमीसाठी प्रीपेड फॉरेक्स कार्ड पुष्कळदा नाकारलं जातं, तिथे क्रेडिट कार्डच द्या. बिल भरताना मशीनने ‘युरो की रुपये’ विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर मशीनवाला ठरवतो, आणि तो तुमच्या बँकेपेक्षा महाग पडतो.

आणि बुकिंगआधी वार पाहा. रविवार-सोमवार बंद ठेवणारी रेस्टॉरंटं पुष्कळ आहेत आणि ऑगस्टमध्ये तर कित्येक आठवडे कुलूप असतं. त्याच किचनचं जेवण स्वस्तात हवं असेल तर आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा. दुपारचा ठरावीक मेन्यू रात्रीच्या मानाने बराच कमी पैशांत मिळतो. आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारच निवडावी.

प्रश्न : आम्ही मांसाहारी आहोत, पण बीफ आणि पोर्क खात नाही. फ्रेंच मेन्यूत काय ओळखायचं? (कोल्हापूर)

आधी रचना. फ्रान्समध्ये ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीची डिश, मुख्य डिश म्हणजे ‘प्ला’. ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण. सुटे पदार्थ निवडायचे ते ‘कार्त’मधून.

आता टाळायचे शब्द. ‘बफ’ गाय-बैलाचं मांस, ‘व्हो’ वासराचं, ‘पॉर’ डुकराचं, ‘जाँबाँ’ हॅम. ‘लार्दाँ’ हे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे; सॅलडवर किंवा मसुराच्या डाळीतही पडतात. ‘अंदुयेत’ डुकराच्या आतड्यांचं सॉसेज आणि त्याला उग्र वास असतो. सगळ्यात फसवं नाव ‘री द व्हो’. ‘री’चा उच्चार भातासारखाच, पण हा भात नव्हे, वासराची थायमस ग्रंथी आहे आणि मोठ्या रेस्टॉरंटांत ती मानाची डिश समजतात. ‘तार्तार’ बीफचं असलं तर कच्चा खिमा असतो.

निर्धास्त मागवा : ‘व्होलाय’ म्हणजे कोंबडी, ‘पँताद’ गिनी फाउल, ‘कानार’ बदक, ‘आन्यो’ कोकरू, ‘सँ-झाक’ स्कॅलप, म्हणजे एक प्रकारचा शिंपला. तरी सॉसचा स्टॉक कशाचा हे विचारावंच; कोकराबरोबरचा सॉसही वासराच्या स्टॉकचा असू शकतो. कोकरू किंवा बदक ते आतून गुलाबी ठेवतात. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर ‘ब्यँ क्वी’ म्हणा. मांस थोडं कोरडं होईल, आणि वेटरची भुवई वर गेलीच तर जाऊ द्या.

टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेले अनेक छोटे पदार्थ एकामागून एक, बहुधा सगळ्या टेबलाने मिळूनच घ्यावा लागतो. एकाने मागवून दोघांनी खाणं तिथे चालत नाही.

प्रश्न : पाणी आणि ब्रेड यांचे पैसे लागतात का? टिप किती ठेवायची? (नाशिक)

ब्रेड किमतीतच धरलेला असतो. पाण्याचं विचारतील, ‘साधं की गॅसवालं?’ यातलं काहीही निवडलंत तरी बाटली येते आणि बिलात लागते. नळाचं पाणी फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते पिण्यालायक असतं. ‘ऊन काराफ दो’ एवढंच म्हणा. स्टारच्या जागीही त्यात कमीपणा नाही.

सुरुवातीला न मागवता आलेले घासभर पदार्थ आणि कॉफीबरोबरची छोटी मिठाई यांचे वेगळे पैसे नसतात. चीजच्या गाडीचे मात्र असू शकतात. मेन्यूत चीजचा कोर्स लिहिला नसेल तर विचारून घ्या.

मेन्यूवरच्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात, म्हणून टिपेची सक्ती नाही. खूश झालात तर काही नोटा ठेवा. कोणी टक्केवारी सुचवली तर हसून नाही म्हणा.

प्रश्न : आई नऊवारी नेसते. चालेल? आणि बिल किती वेळाने येतं? (डोंबिवली)

उत्तम चालेल. अडवतात ते हाफपँट, स्लीपर आणि खेळाचे बूट घातलेल्यांना. काही जुन्या हॉटेलांच्या रेस्टॉरंटांत पुरुषांना जॅकेट लागतं. ते बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. आपणहून बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं, असं ते मानतात. पूर्ण टेस्टिंग मेन्यूला तीन तास धरा. कॉफी गोड खाऊन झाल्यावर येते, गोडाबरोबर नाही. ती घेतानाच ‘लादिस्याँ, सिल व्हू प्ले’ म्हणा. हात हवेत नाचवायची गरज नाही, नजर मिळाली की पुरे. आठ वाजता बसलात तर अकरा वाजून जातात. मेट्रो रात्री साधारण सव्वा वाजेपर्यंत असते, शुक्रवारी-शनिवारी सव्वादोनपर्यंत. आईचे गुडघे दुखत असतील तर मेट्रोच्या जिन्यांपेक्षा रेस्टॉरंटलाच टॅक्सी बोलवायला सांगा.